आवर्तसारणीतून तराजूवर: ०.०५ मोलर ऑक्झॅलिक ॲसिडचे द्रावण अचूक कसे बनवावे

अणू, आवर्तसारणी आणि मापन हे तीन धडे वर्गात वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवले जातात. प्रयोगशाळेच्या टेबलावर मात्र ते एकाच कामात एकत्र येतात: प्रमाण द्रावण बनवणे. प्रमाण द्रावण म्हणजे ज्याची संहती, म्हणजे ठरावीक द्रावणात किती पदार्थ आहे ते, आपल्याला हिशोबाने नक्की माहीत आहे असे द्रावण. इथे २५० मिली ऑक्झॅलिक ॲसिडचे ०.०५ मोलर द्रावण बनवू आणि त्याच्या आधाराने सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची संहती काढू. अकरावी-बारावीला हा प्रयोग होतोच, पण पुढे पाणी तपासणीची, औषधांची किंवा मातीची कोणतीही प्रयोगशाळा पाहिली तरी कामाची घडण हीच असते.

सामान असे लागेल: ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक, सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या, फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून आम्ल संपल्याचे दाखवणारा दर्शक), डिस्टिल्ड वॉटर, शक्यतो ०.००१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू, वॉच ग्लास, १०० मिलीचा बीकर, फनेल, २५० मिलीचा स्टँडर्ड फ्लास्क, १० मिलीची पिपेट व तिचा रबरी फुगा, ५० मिलीची ब्युरेट, कॉनिकल फ्लास्क, वॉश बॉटल आणि एक पांढरी टाइल. डोळ्यांवर गॉगल हवाच. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे, पोटात गेले तर मूत्रपिंडांना इजा करते. सोडियम हायड्रॉक्साइड कातडी भाजते, आणि डोळ्यात गेले तर कायमची इजा होऊ शकते. पिपेट तोंडाने कधीही ओढू नका.

चौकटीतला कोणता आकडा घ्यायचा

आवर्तसारणीच्या प्रत्येक चौकटीत निदान दोन आकडे असतात. कुठला वर आणि कुठला खाली हे तक्त्यागणिक बदलते, म्हणून जागेवरून ओळखू नका. जो पूर्णांक आहे आणि शेजारच्या चौकटीत बरोबर एकने वाढतो तो अणुक्रमांक, म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनची संख्या. ज्यात बहुधा दशांश चिन्ह असते ते अणुवस्तुमान. वजनाच्या हिशोबाला फक्त हे दुसरे लागते. कार्बनसाठी ६ आणि ऑक्सिजनसाठी ८ घेऊन बसलेली उत्तरे दरवर्षी सापडतात. ते अणुक्रमांक आहेत, वस्तुमाने नव्हेत. काही जड, किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या चौकटीत कंसात पूर्णांक दिसतो. तो त्या मूलद्रव्याच्या सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकाचा वस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या असतो, सरासरी नव्हे.

दशांश येतो कुठून? अणूत अर्धा प्रोटॉन तर नसतो. निसर्गात एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त न्यूट्रॉन असलेले अणू, म्हणजे समस्थानिके, एकत्र मिसळलेले असतात, आणि तक्त्यातला आकडा ही त्या मिश्रणाची सरासरी असते. क्लोरीन हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. त्याच्या शंभर अणूंपैकी साधारण ७६ अणूंचा वस्तुमानांक ३५ आणि २४ अणूंचा ३७, म्हणून सरासरी ३५.४५. ३५.४५ वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू अस्तित्वात नाही, पण बाटलीतल्या क्लोरीनचे वजन करताना हाच आकडा खरा ठरतो.

हे आकडे आयते मिळाले म्हणून गृहीत धरू नयेत. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडल्या. ॲल्युमिनियमच्या खालच्या जागी येणाऱ्या धातूची घनता ५.९ च्या आसपास असेल असे त्याने पुढे सांगितले. १८७५ मध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला तो धातू, म्हणजे गॅलियम, सापडला. पण त्याने मोजलेली घनता ४.७ आली. धातूचा कणही न पाहिलेल्या मेंडेलीव्हने पुन्हा मोजायला सुचवले. नमुना अधिक शुद्ध करून मोजल्यावर उत्तर ५.९ आले. मापन चुकते तेव्हा दोष नमुन्यातच असू शकतो, आणि आपल्या प्रयोगातही पहिली मोठी चूक तिथेच होते.

बाटलीवर ‘डायहायड्रेट’ लिहिले आहे का?

ऑक्झॅलिक ॲसिडच्या रेणूत हायड्रोजनचे २, कार्बनचे २ आणि ऑक्सिजनचे ४ अणू असतात. एवढ्यावर हिशोब केला तर एका मोलचे (मोल म्हणजे काय ते खाली येते) वस्तुमान ९०.०३ ग्रॅम येते. पण प्रयोगशाळेत मिळणाऱ्या स्फटिकांत प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. ते स्फटिकजल आहे, आणि ‘डायहायड्रेट’ म्हणजे असे पाण्याचे दोन रेणू असलेला पदार्थ. स्फटिक हाताला कोरडे लागतात, तरी पाणी आत आहेच, आणि तराजू ते मोजणारच. म्हणून हिशोब असा:

हायड्रोजन: ६ × १.००८ = ६.०४८
कार्बन: २ × १२.०११ = २४.०२२
ऑक्सिजन: ६ × १५.९९९ = ९५.९९४
एकूण: १२६.०६ ग्रॅम प्रति मोल

मोल म्हणजे मोजण्याचा एक गठ्ठा, जसे डझन म्हणजे बारा. फक्त हा गठ्ठा प्रचंड आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच ठरवून दिलेला आहे, त्यात अनिश्चितता नाही.

०.०५ मोलर म्हणजे एक लिटर द्रावणात ०.०५ मोल. आपल्याला पाव लिटर हवे, म्हणून ०.०५ × ०.२५० = ०.०१२५ मोल, आणि ०.०१२५ × १२६.०६ = १.५७६ ग्रॅम. वॉच ग्लासवर ही जेमतेम चमचाभर पांढरी खडी दिसते. तिच्यात ऑक्झॅलिक ॲसिडचे सुमारे ७.५ गुणिले १० चा २१ वा घात इतके रेणू असतात. स्फटिकजल विसरून ९०.०३ धरले असते तर १.१२५ ग्रॅमच घेतले असते, आणि द्रावण जवळजवळ २९ टक्क्यांनी पातळ झाले असते. पुढे ब्युरेट कितीही काळजीने वाचली तरी ही चूक भरून निघत नाही.

अणुवस्तुमाने १, १२, १६ अशी सरळ घेतली तर १२६ येते. फरक फक्त ०.०५ टक्के, तेवढा चालतो. क्लोरीनच्या बाबतीत मात्र ही सवय नडते: ३५ धरले तर मिठाच्या मोलर वस्तुमानात पाऊण टक्का चूक येते. आकडा कुठे पूर्ण करायचा हे मूलद्रव्य पाहून ठरवा.

स्फटिक पारदर्शक, चकाकणारे हवेत. कोरड्या उष्ण हवेत उघडी राहिलेली बाटली स्फटिकजल थोडे थोडे गमावते आणि स्फटिकांवर पांढरी भुकटी धरते. अशा मालाच्या १.५७६ ग्रॅममध्ये आम्ल जास्त आणि पाणी कमी असते. उलट दमट स्फटिकांत आम्ल कमी. ओले वाटले तर दोन टिपकागदांच्या मध्ये हलके दाबून कोरडे करा. ओव्हनमध्ये ठेवू नका, स्फटिकजलही निघून जाते.

वजन: १.५७६ च्या मागे धावू नका

तराजूचा बुडबुडा मध्यभागी आणा, चालू करून काही वेळ स्थिर होऊ द्या, डोक्यावरचा पंखा बंद करा. तिसऱ्या दशांशाचा आकडा हलत राहतो तो बहुतेक वेळा वाऱ्यानेच. स्वच्छ, कोरडी वॉच ग्लास ठेवा, टेअर करून शून्य आणा आणि स्पॅच्युलाने थोडे थोडे स्फटिक टाका.

नवखा विद्यार्थी इथे पंधरा मिनिटे घालवतो: १.५८१ झाले, थोडे काढले, १.५७२ झाले, पुन्हा टाकले. यात स्फटिक पॅनवर सांडतात, आणि सांडलेले स्फटिक वजनात धरले जातात पण फ्लास्कमध्ये पोचत नाहीत. शिवाय काढलेले स्फटिक बाटलीत परत गेले तर सगळा माल दूषित होतो. याची काही गरजच नाही. १.५७६ च्या जवळपास थांबा, जे वजन दिसते ते जसेच्या तसे लिहा आणि संहती त्यावरून काढा. समजा १.५९२ ग्रॅम आले. १.५९२ ÷ १२६.०६ ÷ ०.२५० = ०.०५०५२ मोलर. हे द्रावण ओढूनताणून ०.०५०० केलेल्या द्रावणाइतकेच चांगले आहे, कारण आपल्याला गोल आकडा नको, माहीत असलेला आकडा हवा.

तराजू ०.०१ ग्रॅमचाच असेल तर दीड ग्रॅममागे एका शेवटच्या अंकाची चूक ०.६ टक्क्यांपेक्षा जास्त पडते, आणि तेव्हा वजन १.५९ असेच लिहायचे. १.५९० लिहिले तर न मोजलेला अंक मोजला असे सांगितल्यासारखे होते.

फ्लास्क

स्फटिक बीकरमध्ये घ्या. वॉच ग्लास तिरपी धरून वॉश बॉटलने बीकरमध्येच धुवा. ५० मिली पाण्यात काचेच्या कांडीने ढवळा. एवढे ॲसिड साध्या तापमानाला सहज विरघळते. नंतर फनेलमधून स्टँडर्ड फ्लास्कमध्ये ओता. बीकर, कांडी आणि फनेल तीनदा थोड्या थोड्या पाण्याने धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच घाला. एकदा भरपूर पाण्याने धुण्यापेक्षा तीनदा थोड्याने धुतलेले जास्त चांगले धुतले जाते.

पाणी डिस्टिल्डच घ्या. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वापरले तर त्यातले कॅल्शियम ऑक्झॅलेटशी बांधले जाऊन पांढुरका गढूळपणा येतो. तो कॅल्शियम ऑक्झॅलेटचा साका, म्हणजे तेवढे आम्ल द्रावणातून गेले. गढूळ दिसले की द्रावण टाका, गाळून वापरू नका.

फ्लास्क अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरला की गोल फिरवून मिसळा. मग खुणेच्या एक सेंटिमीटर खालपर्यंत पाणी घाला, मिनिटभर थांबा म्हणजे मानेच्या काचेवरचे पाणी खाली उतरेल, आणि शेवटचे पाणी ड्रॉपरने थेंबाथेंबाने सोडा. पाण्याची पातळी काचेला लागून वर चढलेली असते, मधोमध वाटीसारखी खोल. त्या वाटीचा तळ खुणेला टेकला पाहिजे. डोळा नेमका कुठे हवा हे खूणच सांगते: ती मानेभोवती पूर्ण फिरलेली असते. डोळा योग्य उंचीवर असला की पुढची आणि मागची रेघ एक होऊन एकच सरळ रेघ दिसते. डोळा वर किंवा खाली असेल तर लंबगोल दिसतो. वरून पाहणाऱ्याला पाणी खुणेला पोचल्यासारखे वाटते तेव्हा ते प्रत्यक्षात थोडे खालीच असते, आणि द्रावण तीव्र बनते.

खुणेच्या वर पाणी गेले तर पिपेटने जास्तीचे काढून घेणे हा उपाय नव्हे. काढलेल्या पाण्याबरोबर ॲसिडही जाते. पहिल्यापासून पुन्हा करा.

फ्लास्कच्या मानेवर २० किंवा २७ अंश सेल्सिअस असे तापमान छापलेले असते. खूण त्या तापमानाला खरी. पंचवीस-तीस अंशांच्या आसपासचे पाणी दर दहा अंशांनी सुमारे ०.२७ टक्के फुगते. २५० मिलीत हे पाऊण मिलीच्या आसपास, आणि मान दीड सेंटिमीटर रुंद असेल तर पातळीत जवळजवळ चार मिलिमीटर. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत चाळीस अंशांजवळचे पाणी घेऊन खुणेवर केस मोजत बसलात तर त्या केसापेक्षा मोठी चूक पाण्यातच आहे. पाणी आधी सावलीत, थंड खोलीत ठेवून घ्या. गरम केलेले द्रावण तर फ्लास्कमध्ये कधीच ओतू नका.

आता बूच घट्ट धरून फ्लास्क निदान पंधरा-वीस वेळा पूर्ण उलटा-सुलटा करा, हवेचा बुडबुडा दर वेळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ द्या. ही पायरी सर्वांत जास्त वेळा अर्धवट राहते. मानेतले पाणी नंतर घातलेले असल्यामुळे वर पातळ आणि खाली तीव्र असे द्रावण उरते. पहिले रीडिंग एक, तिसरे भलतेच, असे झाले की आधी इथे शंका घ्या.

सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असेच तोलून का नाही बनवत?

कारण त्याच्या गोळ्या उघड्या हवेत पाणी ओढतात आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात. तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत वाढताना दिसेल. म्हणून तोलून फक्त अंदाजे द्रावण बनवता येते, आणि खरी संहती ऑक्झॅलिक ॲसिडकडून काढून घ्यावी लागते. ५०० मिली ०.१ मोलरसाठी हिशोबाने २.० ग्रॅम लागतात, २.१ ग्रॅमच्या आसपास घ्या. कागदावर तोलू नका, गोळ्या चिकटतात, बीकरमध्येच तोला. उकळून गार केलेल्या पाण्यात गोळ्या थोड्या थोड्या सोडून ढवळा. द्रावण तापते, गार होऊ द्या आणि प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा.

अनुमापन

अनुमापन म्हणजे मोजून घेतलेल्या ॲसिडमध्ये ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडत, ॲसिड नेमके संपेपर्यंत ते किती लागते हे मोजणे. ब्युरेट सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने विसळा, पिपेट ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने विसळा, कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त पाण्याने. कारण साधे आहे. ब्युरेट-पिपेटमध्ये संहती टिकली पाहिजे, कॉनिकल फ्लास्कमध्ये मोलची संख्या टिकली पाहिजे. पिपेटने मोजून घातलेल्या रेणूंची संख्या फ्लास्कमधल्या पाण्याने बदलत नाही. तळाशी उरलेल्या ॲसिडने बदलते.

ब्युरेट भरून तोटी क्षणभर पूर्ण उघडा, म्हणजे टोकातली हवा निघून जाईल. अनुमापन चालू असताना तो बुडबुडा निघाला तर ब्युरेट तेवढे आकारमान जास्त दाखवते. फनेल काढून ठेवा, त्यातून थेंब पडतो. सुरुवातीला शून्यावर आणलेच पाहिजे असे नाही. जे आहे ते लिहा.

पिपेटने १० मिली ॲसिड घ्या. सोडताना टोक फ्लास्कच्या काचेला टेकवा, द्रव उतरला की काही सेकंद थांबा आणि बाजूला घ्या. टोकात राहिलेला थेंब फुंकू नका. नेहमीची पिपेट तो थेंब आत राहील असे धरूनच खूण केलेली असते.

फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब पुरे. ऑक्झॅलिक हे सौम्य आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड हे तीव्र आम्लारी, म्हणून शेवटी सामू (pH) ७ च्या थोडा वर जातो. फिनॉल्फ्थॅलीन ८.२ पासून रंग धरते, ते इथे जुळते. मिथिल ऑरेंज वापरले तर रंग फार आधी बदलतो.

टाइलवर फ्लास्क ठेवून डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने फ्लास्क फिरवत राहा. पहिले अनुमापन भरभर करा, फक्त अंदाज घ्यायला. ९.८ च्या आसपास येते असे कळले की पुढच्या वेळी ९ मिलीपर्यंत सरळ सोडा आणि मग थेंबथेंब. जिथे थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटून विरतो. विरायला वेळ लागू लागला की आता प्रत्येक थेंबानंतर थांबा. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. शेवटी तर थेंब टोकावर अर्धा लोंबू द्या, काचेला टेकवून घ्या आणि वॉश बॉटलने आत ढकला. अगदी फिकट गुलाबी, पांढऱ्या टाइलवरच जाणवेल इतपत, आणि फिरवल्यावर अर्धा मिनिट टिकणारा रंग हा एंड पॉइंट. पुढे काही मिनिटांनी तो उडाला तर घाबरू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचे काम करतो. गडद गुलाबी झाले असेल तर ते रीडिंग सोडून द्या.

एकमेकांपासून ०.१ मिलीच्या आत येणारी तीन रीडिंग मिळेपर्यंत करा. तीनपैकी दोन जुळतात म्हणून तिसरे खोडून जुळणारे लिहिणे हा या सगळ्या कष्टांशी द्रोह आहे. चुकलेले रीडिंग तसेच ठेवा, शेजारी कारण लिहा आणि आणखी एक करा.

उत्तर

एका ऑक्झॅलिक ॲसिडच्या रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन कण लागतात. रीडिंग ९.८० मिली आले असे धरू.

ॲसिड: १०.० × ०.०५०५२ = ०.५०५२ मिलीमोल
सोडियम हायड्रॉक्साइड: दुप्पट, १.०१०४ मिलीमोल
संहती: १.०१०४ ÷ ९.८० = ०.१०३ मोलर

कॅल्क्युलेटर ०.१०३१०२०४१ दाखवेल. ब्युरेटवर ०.१ मिलीच्या रेघा आहेत, मधला अंक आपण अंदाजाने वाचला, म्हणून तीन सार्थ अंकांपुढे आपल्याला काहीही माहीत नाही. सुरुवातीचे आणि शेवटचे अशी दोन वाचने मिळून ०.१ मिली इकडे-तिकडे होऊ शकते, म्हणजे १० मिलीत एक टक्का. २५ मिलीची पिपेट असेल तर तीच घ्या: चूक तेवढीच, पण २५ मिलीवर पसरून ०.४ टक्के होते.

उत्तर अपेक्षेपेक्षा कमी आले तर पाहा: ब्युरेट पाण्याने ओली राहिली होती का, टोकात बुडबुडा होता का, पिपेट फुंकली का, स्फटिकांवर भुकटी धरली होती का. जास्त आले तर: पिपेटमध्ये पाणी होते का, स्फटिक दमट होते का, फ्लास्कमध्ये ओतताना बीकर धुवायचा राहिला का. निम्मे आले तर एकास दोन हे प्रमाण विसरले आहे.

झाल्यावर ब्युरेट लगेच रिकामी करून भरपूर पाण्याने धुवा आणि तोटी उघडी ठेवून उलटी लावा. काचेच्या तोटीत सोडियम हायड्रॉक्साइड रात्रभर राहिले तर तोटी जाम होते. बाटलीच्या लेबलवर पदार्थाचे नाव, मोजलेली संहती आणि तारीख तिन्ही लिहा. सोडियम हायड्रॉक्साइडची संहती दोन आठवड्यांनी वापरायची असेल तर पुन्हा काढून घ्या.